दोरी बांधायची न्हाय

दर्याकाठी जलमलो नि दर्याच मला सोसत न्हाय, इथनं लिहायला सुरू करा. उत्तनच्या कोळ्याच्या घरात जलम, बापूस डोलकर, आजा डोलकर, दारासमोर वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, नि मी सायमन, घरातला थोरला, बोट बंदराच्या भायेर पडली की कडेला वाकून ओकतोय. एकदा न्हाय, दर वेळी. आवस खिशात आलं घालून देयाची, लिंबू देयाची, फादरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, काय उपेग न्हाय. खलाशी बोलायचे, ह्या सायमनला रोज आना रे, मासळीला खाऊ मिळतो. सगळे हसायचे. बापूस हसायचा न्हाय, बापूस जाळ्याकडं बघत बसायचा. कोळ्याच्या थोरल्या मुलाला दर्या लागतो, हे काय चार लोकांत सांगायची गोष्ट हाय काय?

माजा धाकटा भाऊ पास्कू. तो माज्या उलटा. तेला घरात झोप यायची न्हाय, बोटीवर यायची. वारा कुठनं फिरनार ते तेला आधी कळायचं नि मग वाऱ्याला. बापसानं बोट तेला दिली. मी बोल्लो, बरं झालं, तोच चालवनार ना. पन खोटं कशाला बोलू तुमाला, लागलं मनाला. थोरला मी व्हतो.

आता एक गोष्ट नीट लिहून घ्या, कारन माजं सगळं भांडन हिच्यावरच हाय. आमच्याकडं दर्यात कोनाचं मशीन बंद पडलं, तर जो जवळ असेल तो येतो. वळखीचा असो, नसो, कालपरवा जाळ्यावरनं तेच्याशी मारामारी झालेली असो, तो येतो, नि दोरी फेकतो. ती दोरी आपन झेलायची, नि पहिलं काम, नाळेला बांधायची, नाळ म्हंजे बोटीचं पुढचं टोक. बोलायचं नंतर. मग तो आपल्याला वढत बंदरावर आनतो, कोन कोनाकडं काय मागत न्हाय. बापसानं मला नि पास्कूला ही गाठ घराच्या दाराच्या खांबावर शिकवली, मी सात वर्साचा असेन, पास्कू पाच. डोळे मिटून बांधायला लावायचा. पुन्हा बांध, पुन्हा बांध. दोरी हातात आली की डोकं विचार करायच्या आत हात गाठ मारून मोकळे झाले पाहिजेत, असं तो बोलायचा. नि तसंच झालं हो. उत्तनच्या कुठल्या पन कोळ्याच्या हातात दोरीचं टोक द्या नि बघा.

तर मी आयटीआय केली. भाईंदरला चालत जायाचो कधीकधी, बस चुकली की. मग एका वळखीनं जुहूला लागलो. तिथनं हेलिकॉप्टरं उडतात, दर्यातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर मानसं नेतात, आनतात. मी पहिलं सामान चढवायचो, काचा पुसायचो, मग मेकॅनिकच्या हाताखाली. एक दिवस कोन तरी आजारी पडला म्हनून मला वर घेतला. मी खिशात प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलो, आता ओकनार, आता ओकनार. काय झालं न्हाय. खाली दर्या तोच, लाटा त्याच, नि मी वर गानं म्हनतोय. घरी येऊन आवशीला सांगितलं तर ती रडली, बोल्ली, देवानं तुला जागा दिली पन केवढ्या वर दिली रे.

दोन हजार सालाच्या पुढंमागं मी भायेरच्या देशात गेलो. हिंदी महासागरातला देश, बेटांचा. नाव मी सांगत न्हाय, रागावू नका, तिथं हेलिकॉप्टरची कंपनी एकच व्हती, देश सांगितला की कंपनी सांगितली. एवढासा देश, सगळी मानसं आनून उभी केली तर आपल्या भाईंदर पश्चिमेत मावतील. लोक आमच्यासारखेच, काळे, मासळी खानारे, रविवारी मिसाला जानारे. मला परकं वाटलंच न्हाय. भात पन व्हता.

कंपनीचं काम दोन परकारचं. एक, नवरा-नवरी फिरवायची. गोऱ्या देशातनं लग्न करून यायचे, त्यांला विमानतळावरनं उचलायचं नि हॉटेलच्या बेटावर सोडायचं, आत शिटावर फुलं टाकायची, ते पन माजंच काम. नि दुसरं, सरकारशी करार व्हता, कुठं कोन बुडाला, लांबच्या बेटावर बाई अडली, नारळावरनं कोन पडला, तर जायाचं. हेलिकॉप्टर तेच. फोन आला की दहा मिनटात शिटा काढायच्या, स्ट्रेचर घालायचं, दाराला विंच जोडायचा. विंच म्हंजे तारेचा रहाट समजा, दाराशी बसून तार खाली सोडायची, तिच्या टोकाला पट्टा, तो मानसानं बगलेत घालायचा नि आमी वर वढायचा, नि पट्ट्याखाली एक दोरी लोंबती, तार झुलू नये म्हनून खालच्यानं धरायला. तो विंच चालवायचं काम माजं. एकदा एक बाई आमी आनली, वर हवेतच बाळंत झाली, नि खाली फुलाच्या पाकळ्या तशाच पडलेल्या, झाडायला वेळच नव्हता. नि मॅनेजर काय बोल्ला ठावं हाय? चारला पाहुने हायत, आत फिनेलचा वास येता कामा नये. माजं डोकं फिरायचं तेच्यावर. पन असो, तेवढं तरी व्हतं तिथं, बोलावलं की हेलिकॉप्टर येत व्हतं.

पायलट म्हातारा, तिथलाच, आमी तेला कॅप्टन बोलायचो, रागीट मानूस. तेनं मला तीन गोष्टी शिकवल्या नि रोज सकाळी चहाच्या आधी म्हनून घ्यायचा, आपल्याकडं मुलांकडनं धर्मशिक्षनाचे सवाल म्हनून घेतात ना, तसं. एक, तार आधी पान्याला टेकवायची, मग मानसाच्या हातात, कारन वरनं येताना तेच्यात करंट भरतो. दोन, खालच्या मानसानं तार नि तिच्याबरूबरची दोरी नुसती हातात धरायची, बोटीला कुठंच बांधायची न्हाय. तीन, बांधलीच, तर तू मला विचारायचं न्हाय, तू तोडायची. लाल झाकनाखाली बटन व्हतं, दाबलं की तार तुटते. का, तर बोट लाटेबरूबर एकदम खाली जाते, नि बांधलेलं हेलिकॉप्टर पन तिच्याबरूबर खाली. मग बुडनारे चार नि वाचवायला गेलेले तीन, सगळे एकाच ठिकानी.

नि तिथं काय करायचे बघा. दर वर्सी वाऱ्याचे दिवस यायच्या आधी, रविवारी मिस सुटली की, आमी हेलिकॉप्टर घेऊन एकेका गावच्या मैदानात जायाचो. कोळी, त्यांच्या बायका, सगळे उभे. दोरी एकेकाच्या हातात देयाची, धर, नुसती धर, बांधू नको. म्हाताऱ्याला पन पट्टा घालून चार फूट वर उचलायचो, लोक टाळ्या वाजवायचे. दर वर्सी तेच. कंटाळा येईपर्यंत तेच. म्हनून त्या लोकांनी कवाच दोरी बांधली न्हाय. मी व्हतो तवर एकानं न्हाय.

बांधली ती आपल्या मानसांनी.

लाकडी गलबत व्हतं, मालाचं, आपल्याच किनाऱ्यावरनं निघालेलं, सहा मानसं. पानी भरत व्हतं. आमी दुपारी पोचलो. मी तार सोडली, दर्याला टेकवली, दोरीचं टोक बरूबर त्यांच्या तांडेलाच्या, म्हंजे गलबताच्या म्होरक्याच्या, हातात गेलं, पिकलेल्या दाढीचा मानूस. नि मी वरनं तेचे हात बघितले. बघितलं नि मला कळलंच. मी वरडलो, मत बांधो, मत बांधो, मग मराठीत वरडलो, मग नुसताच वरडलो, त्या पंख्याच्या आवाजात कोनाला ऐकू जानार? डोळ्याचं पातं लवतंय तवर तो नाळेशी पोचला नि गाठ मारली. तीच गाठ, हो, आमच्या दाराच्या खांबावरची. हेलिकॉप्टरला हिसका बसला, कॅप्टन शिवी घालून वरडला, नि मी झाकन उचलून बटन दाबलं. तार गेली. तांडेलानं वर बघितलं. रागानं न्हाय बघितलं, काय चुकलं असं बघितलं.

दुसरी तार घेऊन परत यायला दीड तास लागला. पिंपाला धरलेले चार सापडले. दोन न्हाय सापडले, तांडेल न्हाय सापडला. कॅप्टन बोल्ला, तू बरूबर केलं. मला म्हाईत हाय मी बरूबर केलं. दवाखान्यात त्या चौघांला भेटायला गेलो, तर एक जन मला काय विचारतो, भाईसाब, आपने रस्सी काटी क्यों? हमने तो पक्की बांधी थी.



बापूस गेला तेच्या पुढच्या वर्सी मी करार संपवून घरी आलो. बायकोला शेअरबिअर काय कळत न्हाय पन फ्लॅट कळत व्हता, तिनं हट्ट धरला, मीरा रोडला सिल्व्हर पार्कात जागा घेतली. दोन वर्सं राहिलो. आवशीनं गॅलरीत चार बोंबील सुकत घातले तर सोसायटीची मीटिंग लागली माज्यावर. बाजूवाले बोलतात, भाईसाब, बास आती है. अरे मासळीला मासळीचा वास येनार. मी बोल्लो जाऊ दे, फ्लॅट भाड्यानं दिला नि उत्तनला परत आलो, पास्कूच्या भिंतीला भिंत लावून. खरं सांगायचं तर वासाचं निमित्त व्हतं. मला इथंच यायचं व्हतं. तो तांडेल माज्या डोळ्यासमोरनं जात नव्हता, नि इथं पास्कू दर आठवड्याला दर्यात जातोय, तेचे हात पन तसेच हायत.

तर मी ठरवलं, ह्या बंदरावरच्या एकेका मानसाला सांगायचं. सोपं काम हाय असं वाटलं मला! हसा, हसा. पहिलं एका ऑफिसात गेलो, बोल्ले हा मासेमारीचा विषय. मासेमारीच्या ऑफिसात गेलो, बोल्ले हेलिकॉप्टर आमच्याकडं न्हाय. दर्यातनं मानसं उचलनाऱ्या सरकारी हेलिकॉप्टरवाल्यांकडं गेलो, तिथला तरुन साहेब चांगला व्हता, खुर्ची दिली, चहा दिला, बोल्ला आमी येऊन दाखवू, तुमच्या गावाचं पत्र आना. पत्रासाठी गावात आलो तर बोल्ले आता सीझन हाय, कोनाला टाइम न्हाय, पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या बंदीत बघू. बंदीत गेलो तर बोल्ले आता सगळे जाळी विनतायत, लग्नं हायत, सीझन लागू दे. असं गोल गोल फिरवलं मला. पत्र काय लिहायचं ते पन मीच लिहून नेलं, नुसती सही पाहिजे व्हती. तेवढ्यात त्या साहेबाची बदली झाली.

मग मी एकट्यानं सुरू केलं. मिस सुटली की देवळाभायेर उभा, आमी चर्चला देऊळच बोलतो, हातात दोरी नि एक जुना पट्टा. लोक बोलायचे, आला हेलिकॉप्टर सायमन. एक जन बोल्ला, अरे आपल्याला कोन हेलिकॉप्टर पाठवतंय, आपन काय मिनिस्टर हाय? दुसरा बोल्ला, ते बोट वढनार काय? मी बोल्लो, बोट न्हाय वढत, मानूस उचलतात. मग बोट? बोट सोडायची. मंग तर बासच. बोट सोडायची म्हटलं की त्यांचे चेहरे असे व्हायचे की मी आवशीला रस्त्यात सोडायला सांगतोय. नि वर टोमना, ज्याला बंदरातच ओकारी येते तो आमाला दर्या शिकवतो.  खरंच येते.

पास्कूला मी घरात धरला. रविवारी जेवायला बसलो की टॉवेल तेच्या बगलेत घालायचो, बघ, पट्टा असा घालायचा, हात खाली ठेवायचे, वर केलेस तर घसरशील. दोरी नुसती धरायची. तो बोलायचा, दादा, जेवू दे. मी बोलायचो, म्हन, दोरी बांधायची न्हाय. तो तोंडात घास घेऊन म्हनायचा, न्हाय बांधायची, न्हाय बांधायची, मीठ दे. तेची बायको हसायची. मला वाटायचं काय पन शिरत न्हाय तेच्या डोक्यात.

शिरलं व्हतं. तेच तर सांगतोय.

नारळी पुनवेनंतर बोटी सुटल्या, पास्कूची दुसरीच खेप, वारा फिरला, मशीन बंद पडलं, फळी उचकटून पानी आत. पास्कू नि तीन खलाशी. लांबच्या एका बोटीनं वायरलेसवर कळवलं नि, देवाची दया, हेलिकॉप्टर गेलं. मी इथं बंदरावर, आवस माज्या बाजूला, सगळे विचारतात सायमन काय होईल, आता बरे आले विचारायला. संध्याकाळी तिघं खलाशी दवाखान्यात हायत असं कळलं. तिघं. पास्कू न्हाय.

धावत गेलो तिथं. त्यातला एक सांगायला लागला, दोरी पहिली माज्या हातात आली, मी नाळेकडं निघालो तर पास्कूनं माज्या हातावर मारली, बोल्ला सोड, माजा भाऊ बोल्लाय बांधायची न्हाय. मग तेनं एकेकाला पट्टा घातला, हात खाली ठेव बोल्ला, नि वर पाठवलं. तिघांला. काय सांगू, मला रडूच आलं, माजा टॉवेल तेच्या ध्यानात राहिला. मी विचारलं, मग तो? तर ते तिघं बोल्ले, चौथ्यांदा पट्टा खाली गेला, नि पास्कूनं दोरी नाळेला बांधली.

हेलिकॉप्टरवाल्यांनी तोडली. तोडनारच. मी पन तोडली असती, माजा सख्खा भाऊ खाली असता तरी. तेल संपत आलेलं, उजेड जात आलेला, ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्नाळ्याची एक बोट तेला दिसली. त्यांनी दोरी फेकली, पास्कूनं बांधली, नि पास्कू नि बोट दोन्ही घरी आले. बंदरावर सगळा गाव. बँडवाले. तेला खांद्यावर घेतला, हार घातले, मिस झाली. मी तेला मिठी मारली नि पाठीत एक गुद्दा पन घातला, जोरात, तो हसला. नि माज्या मागनं एक जन मोठ्यानं बोल्ला, काय सायमन, आता काय बोलतोस? हेलिकॉप्टरनं तोडली, अर्नाळावाल्यानं तोडली न्हाय.

मी वरडलो तिथं. फळी अजून चार बोटं उचकटली असती तर काय, अर्नाळावाल्याची नजर दुसरीकडं असती तर काय, हे नशीब हाय, ही अक्कल न्हाय. कोन ऐकतोय? बँड चालू व्हता. त्या दिवसापासनं उत्तनला नवी गोष्ट झाली, पास्कूनं बोट सोडली न्हाय. तिघांला वर धाडलं नि स्वता राहिला, बापसाची बोट सोडली न्हाय. जो तो हेच सांगतोय. नि पास्कू ऐकून घेतोय, मान खाली घालून. मी आपला देवळाभायेर दोरी घेऊन उभा. आधी हसायचे तरी, आता बघत पन न्हाईत.

पुढच्या सीझनला अंतोन गेला. पास्कूचा दोस्त, बाजूच्या वाड्यातला, बोट तेची स्वताची. पाच जन व्हते. हेलिकॉप्टर आलं, ह्या वेळी लाटा जास्त, म्हनून वरनं हातवारे केले की पान्यात उड्या मारा, बोटीपासून लांब, तिथनं उचलतो. चौघांनी मारल्या. चौघं वाचले. अंतोननं हातानं असं केलं, जा, जा. त्या चौघांनी सांगितलं, उड्या मारायच्या आधी तो बोल्ला, पास्कूनं न्हाय सोडली, मी पन न्हाय सोडत. बोट तेच्या डोळ्यादेखत, आता डोळ्यादेखत काय, तेच्यासकट गेली. अर्नाळ्याची बोट काय रोज रोज येते?

महिना झाला नि अंतोनची बायको फिलोमिना पास्कूच्या घरी आली. मी तिथंच व्हतो. रडली न्हाय ती. बसली नि विचारलं, पास्कू, तू त्या दिवशी काय केलंस म्हनून तुजी बोट राहिली? माजा अंतोन काय चुकला, तेवढं सांग मला. पास्कूनं तिच्याकडं बघितलं पन न्हाय. उठला नि जाळं विनायला बसला. ती पाच मिनटं बसली नि गेली.

ती गेल्यावर तो माज्या दारात आला. उंबऱ्यावर बसला. बोल्ला, दादा, मी बोट वाचवायला न्हाय राहिलो. मी बोल्लो, म्हंजे? तो बोल्ला, मला वर यायचं व्हतं. तिघं गेले, मी एकटा, पट्टा खाली येताना बघत व्हतो नि म्हनत व्हतो ये, ये. पट्ट्याच्या आधी दोरी हातात आली. नि बाकी मला आठवत न्हाय, गाठ मारून झाल्यावर आठवलं. हातांनी मारली. सोडायला वाकलो तवर वरनं तुटली. मी तेंच्या मागं वरडलो, घशातनं रगत येईस्तोवर वरडलो. मग बोटीला लाथा मारल्या मी, दादा. बापसाच्या बोटीला. आवशीला हाका मारल्या. बुडायची तर लवकर बूड बोल्लो.

 बाजूच्याला चूक करू दिली न्हाय, तेच्या हातावर मारलं, नि स्वताच्या हातावर मारायला कोन नव्हतं. तेवढीच चूक. त्यात लाज कसली? मी तेला बोल्लो, हेच सांग. गावच्या मीटिंगमध्ये उभा राहा नि एवढंच सांग, मला वर यायचं व्हतं, माजी चूक झाली. माजं कोन ऐकत न्हाय, मी ओकनारा, तुजं ऐकतील. फिलोमिनाला सांग, तिला कळू दे की तिचा नवरा एका चुकीच्या मागं गेला. तो बोल्ला, तेवढं सोडून काय पन माग. मी बोल्लो, का? तर बोल्ला, दादा, लोक मला वळखतात ते त्यावरच. नि उठून गेला.

तवापासनं मी तेला तीन वेळा विचारलं. पाया पडलो एकदा, थोरला असून. चिडलो, शिव्या दिल्या, बायका मधे पडल्या. तो ऐकतो नि जाळं विनतो. माजा जीव हाय तेच्यावर, तेच्याइतका कोनावर न्हाय, नि तेच्याइतका राग पन कोनाचा येत न्हाय मला. दुसऱ्याचा काय राग करायचा? ऑफिसवाल्यांला म्हाईत न्हाय, गाववाल्यांला म्हाईत न्हाय. ह्याला म्हाईत हाय.

म्हनून तुमाला बोलावलं. तुमी बोल्लात ना सायमनभाऊ तुमच्या आयुष्याचं सांगा, हेलिकॉप्टरचं सांगा, तर माजं काय आयुष्य, मी तारा सोडल्या नि वढल्या. लिहायचं ते हे हाय. नावं बदलू नका. पास्कूचं नाव पास्कूच ठेवा, उत्तनचं उत्तन. तो वाचेल. भिंतीपलीकडनं माज्याशी बोलायचा बंद होईल, तेची मुलं मला काका बोलतात ती पन बोलायची न्हाईत, आवस म्हनेल भावाचा विश्वासघात केलास. म्हनू दे. देव तेला शंभर वर्सं देवो, नि रोज मला शिव्या देयाला देवो.

फकस्त एक करा. पुढच्या मंगळवारी बोटी सुटतायत. तेच्या आत छापून होतं काय, तेवढं बघा.